घरामागे, संध्याकाळचे सहा वीस

६ जानेवारी २०२५

तेजल म्हणाली, "काकू, रजिस्टरमध्ये फक्त कामाचं लिहायचं. आठवणी-बिठवणी नकोत." म्हणून ही दुसरी वही काढली. बिनकामाचं सगळं इथे.

तेजल बेंगळुरूहून बोलते. तिथल्या संस्थेला यांच्या सगळ्या कॅसेटी हव्या आहेत, मोजून चारशे बारा. पेठ-सुरगाण्याचे डोंगर पालथे घालून यांनी धरलेले रातकिड्यांचे आवाज. नुसत्या आवाजावरून यांनी नऊ नव्या जाती शोधल्या, परदेशात नाव झालं आणि शाळेच्या पुस्तकात धडा आला, 'रातकिड्यांचे डॉक्टर : सहादू भोये'. त्या धड्यात शेवटून दुसरं वाक्य माझं आहे. 'त्यांच्या पत्नी सविता यांनी त्यांना मोलाची साथ दिली.' एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरं शिकवली, घर ओढलं आणि अख्खी मी एका वाक्यात! तेही परीक्षेला येत नाही.

काम सोपं आहे. तेजलने पाठवलेल्या यंत्रात कॅसेट घालायची, हेडफोन लावायचा, संपेपर्यंत ऐकायचं. क्रमांक, तारीख, जागा लिहायची. आणि माणसाचा आवाज कितव्या मिनिटाला येतो तेवढं टिपायचं, म्हणजे ते लोक तो कापून टाकतील. त्यांना किडा स्वच्छ हवाय. वीस फेब्रुवारीला त्यांची गाडी येणार आणि मूळ कॅसेटीही घेऊन जाणार.

खरं तर हे काम यांनीच करायचं. पण यांना आता रातकिडा ऐकू येत नाही. वयाने बारीक आवाज आधी जातात म्हणे. माझं बोलणं मात्र येतं. मी मनमाडच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली, गाडी जाताना बोलायचं म्हणजे ओरडायचंच, ती सवय कुठली सुटते! पाहुणे आले आणि संध्याकाळी बाल्कनीत "सर, हा कुठला बोलतोय?" म्हणाले, की हे माझ्याकडे बघतात. मी मान हलवली की हे म्हणतात, "हा साधाच." दोन वर्षं आमची अळीमिळी गुपचिळी चाललीय.

९ जानेवारी

यांचा तरुणपणीचा आवाज! ऐकून मलाच लाजल्यासारखं झालं. प्रत्येक कॅसेट अशी सुरू होते : तारीख, जागा, वेळ, तापमान. मग पावलं लांब जातात. माइक किड्याच्या बिळाशी ठेवून हे चाळीस पावलं दूर जाऊन उभे राहायचे, कारण माणूस जवळ असला की किडा गप्प होतो. मग नुसता किडा. अर्धा तास किर्रर्र.

निम्म्या कॅसेटी रानातल्या, निम्म्या आमच्या जुन्या घरामागच्या. मखमलाबादला द्राक्षाच्या मळ्याला लागून दोन खोल्या होत्या. मागच्या दाराशी दगड, दगडाखाली किडा.

दुपारी ऐकता ऐकता कुकरची शिट्टी झाली. मी उठून गॅस बंद करायला गेले. ओट्यावर कुकरच नव्हता. शिट्टी सत्याऐंशी सालची होती. हे खुर्चीतून बघत होते. म्हणाले, "भात झाला का?" मी म्हटलं, "झाला, अडतीस वर्षांपूर्वी." दोघंही हसलो.

१५ जानेवारी

काल संक्रांत म्हणून सुट्टी. आज आठ कॅसेटी. सगळीकडे माझाच आवाज! दूधवाल्याशी भांडण, बादली आपटणं, "अहो, चहा झाला!" मिनिट चार, मानवी आवाज, स्त्री. मिनिट नऊ, मानवी आवाज, स्त्री. मिनिट नऊच, तीच. स्वतःच स्वतःला कापायला लावणारी बाई जगात मी एकटीच असेन.

हेडफोन काढला की गंगापूर रोडची वाहनं ऐकू येतात. घातला की मळ्यातला पाण्याचा पंप. दुपारभर इकडून तिकडे जाते-येते. कुठल्या घरात आहे ते चष्मा लावल्यावर कळतं.

१९ जानेवारी

आता खरं लिहिते. ही वही काही कुणी वाचणार नाही.

हे काम मी घेतलं ते अंजूसाठी. अंजली, आमची पहिली आणि शेवटची. पाच वर्षांची होऊन दोन महिने झाले होते. नव्वद सालचा नोव्हेंबर. ताप डोक्यात गेला, तीन दिवसांत संपलं. हे तेव्हा सुरगाण्याच्या पलीकडे रानात. निरोप पोचायला दोन दिवस लागले. आले तेव्हा माती होऊन गेली होती.

फोटो आहेत दोन. फ्रॉक ठेवलाय. आवाज नाही. चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही, पण आवाज वर्षभरातच डोक्यातून गेला. पोर कशी बोलायची हे आईला आठवू नये, याच्यासारखं पाप नाही. वाटलं, एवढ्या कॅसेटी घरामागे भरल्या, एखाद्या तरी कॅसेटमध्ये सापडेल. एक हाक, एक शिंक, काहीही.

यांना हे सांगितलेलं नाही. आमच्या घरात अंजूबद्दल बोलत नाहीत. मी यांना कधी दोष दिला नाही. एकदाही नाही. फक्त त्या वर्षापासून यांच्या कॅसेटींना हात लावला नव्हता, इतकंच.

२५ जानेवारी

शहाऐंशी, सत्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी झालं. नाही.

असणार तरी कशी? मीच तर तिला घालवायची. हे टेप काढून बसले की मी तिला शेजारच्या आक्काबाईंकडे सोडून यायची. किड्याने बोलावं म्हणून पोरीला बाहेर काढणारं घर आमचं एकच असेल.

आज एका कॅसेटच्या शेवटी माझाच आवाज आला : "अंजू! ए अंजू, ये गं आता, झालं बाबांचं!" मी श्वास धरून बसले. आता ओ देईल, आता देईल. आणि खट्. यांनी टेप बंद केला. तीन वेळा ऐकलं. तीन वेळा खट्.

रजिस्टरमध्ये लिहिलं, मिनिट एकोणतीस, मानवी आवाज, स्त्री.

१ फेब्रुवारी

दुपारी हेडफोन घालूनच डोळा लागला. स्वप्नात आमच्या फ्लॅटच्या पॅसेजमधून मखमलाबादच्या मागच्या दारात उतरता येत होतं. दोन पायऱ्या. दगड ओला होता. कुणीतरी पाठमोरं बसलेलं. मी काही विचारायच्या आत जाग आली. हे समोर बसून यंत्राच्या दिव्याकडे बघत होते. किडा बोलला की दिवा हिरवा हलतो. ऐकू येत नाही म्हणून दिवा बघत बसतात.

म्हणाले, "आज कुठलं साल?"

"एकोणनव्वद."

"मग पुढचं नव्वद," असं म्हणून उठून गेले. चहासुद्धा अर्धा ठेवला. दोन दिवस झाले, जेवणावर लक्ष नाही यांचं. कॅसेटी जाणार म्हणून वाईट वाटत असेल. आयुष्याची कमाई आहे, वाटणारच.

५ फेब्रुवारी

नव्वदचं खोकं उघडलं. दोनशे सतरा नंबरची डबी रिकामी! डबीवर यांच्या अक्षरात : ९ नोव्हेंबर १९९०, घरामागे, सहा वीस.

विचारलं तर म्हणाले, "बुरशी लागली होती. टाकून दिली."

मी म्हटलं, "बुरशीला काय होतंय? बाकीच्यांनाही होतीच. मी कापसाने पुसल्या की."

"ते खोकंच सोड. नव्वद नको करू."

"असं कसं? सोळानंतर अठरा लिहू का? एकतीस वर्षं हजेरीत एक नंबर गाळला नाही मी."

हे ओट्याशी जाऊन पाणी प्यायले. मग परत पाणी प्यायले.

८ फेब्रुवारी

आज यांचा आवाज चढला. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, माझ्यावर एवढं ओरडल्याचं आठवत नाही. मी कपाटात शोधत होते, तर हे दारात येऊन, "सविता! नाय म्हणलं ना!" सुरगाण्याची बोली बाहेर आली म्हणजे माणूस मुळापासून हललेला असतो.

मला वेगळीच शंका येते. लिहू का? यांचा सगळ्यात गाजलेला लेख नव्वदच्या हिवाळ्यातल्या आवाजांवर आहे. त्याच्यावर पुरस्कार, त्याच्यावर धडा. त्या कॅसेटमध्ये काही चूक तर नाही? एका किड्याला दुसरा समजून बसले असतील आणि नंतर लक्षात आलं असेल. बेंगळुरूची पोरं हुशार आहेत, लगेच पकडतील. म्हणून लपवतायत. बिचारे! बहात्तराव्या वर्षी हे निस्तरायचं म्हणजे काय.

१० फेब्रुवारी

तेजलचा फोन. "काकू, दोनशे सतरा सापडली का?" मी म्हटलं, शोधतेय. मला खोटं बोलता येत नाही, पण अर्धं बोलता येतं.

अंजूचं लिहीत नाही कारण लिहायला काही नाही. बाकीचं नव्वद ऐकून झालं. नाही.

१४ फेब्रुवारी

सकाळी नाष्ट्याला सरळ म्हटलं, "अहो, चूक झाली असेल तर असू दे. मी कुणाला सांगणार नाही. रजिस्टरमध्ये 'खराब' म्हणून लिहीन. पण मला तरी सांगा."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "कसली चूक?"

"लेखातली."

मग हे असं काही हसले की मला ते हसणं बघवेना. उठले. देवळीतल्या औषधांच्या डब्यातून, रोज सकाळ-संध्याकाळ जो डबा मी उघडते त्यातून, खालच्या कागदाखालून कॅसेट काढली. माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "लेखातली नाय." आणि बाल्कनीत जाऊन पाठ करून बसले.

मी कॅसेट घातली.

"नऊ नोव्हेंबर एकोणीसशे नव्वद. मखमलाबाद, घरामागे. संध्याकाळचे सहा वीस. तापमान बावीस."

आणि मग, "बाबा, मी पण तारीख सांगू?"

तिचाच. घोगरा! अंजूचा आवाज घोगरा होता, हेच मी विसरले होते. चौतीस वर्षं मनातल्या मनात मी तिला दुसऱ्याच कुठल्या तरी मुलीच्या गोड, बारीक आवाजात बोलायला लावत होते. माझी पोर घोगरी होती. सर्दी असायची तिला कायम. मला सगळं एकदम आठवलं, नाक पुसायचा तो फडका, त्याचा रंगसुद्धा.

"नाही."

"सांगू ना, बाबा. एकदाच."

"अंजू, गप! जा इथून. एकदम जा! तुझ्यामुळे सगळं वाया जातं माझं!"

यांची पावलं लांब गेली.

दहा नोव्हेंबरच्या पहाटे हे निघाले तेव्हा ती झोपेत होती. म्हणजे यांचं तिच्याशी शेवटचं बोलणं ते हे.

मला इतका राग आला, इतका आला, की कान तापले. उठून बाल्कनीत जावं आणि चौतीस वर्षांचं सगळं एका दमात बोलावं. हो, दिला होता मी दोष. रोज दिला होता. इथे लिहिलेलं ते खोटं होतं. बंद करायला हात नेला. पण कॅसेट संपेपर्यंत ऐकायचं हा नियम, माझं बोट बटणावरच राहिलं आणि मी रडत बसले. कानात नुसता सन्नाटा चालू होता.

तीन-चार मिनिटं गेली असतील. मग अगदी जवळ, माइकच्या अंगावरच, कपडा घासल्यासारखा आवाज झाला. नाक ओढल्याचा. आणि कुजबुज.

"ए. घाबरू नको. आमचे बाबा चांगलेत. ते असंच ओरडतात. तू म्हण. मी गप्प बसते."

मग पुन्हा काही नाही. बराच वेळ काही नाही. आणि मग किडा बोलायला लागला. आधी अडखळत, मग मोकळा. मधे मधे तिचा श्वास, चोंदलेल्या नाकाचा. तो चौदा मिनिटं बोलला. मग छोटी पावलं पळाली, मोठी आली आणि खट्.

१५ फेब्रुवारी

यांना सांगितलं नाही. मुद्दाम. एक दिवस तरी आवाज माझ्या एकटीचा राहू दे, आणि एक दिवस तरी यांनी तसंच बसावं. वाईट आहे मी, तर आहे.

हे काल रात्री जेवले नाहीत. आज सकाळी दाढी केली नाही. मला एवढंच म्हणाले, "मी तेवढंच ऐकलं होतं. आलो तेव्हा, तिचं झाल्यावर. 'वाया जातं'पर्यंत. मग बंद केलं. पुढं कधी गेलो नाय. फेकवत पण नव्हती." थोड्या वेळाने, "तुला कसं ऐकवणार होतो?"

म्हणजे यांना ठाऊकच नाही. आता कळणारही नाही, कारण कुजबुज काय नि किडा काय, यांच्या कानात शिरणार नाही. कितीही मोठा आवाज लावला तरी. हे फक्त मी सांगितलं तरच यांच्यापर्यंत पोचणार.

दुपारी झोप आली नाही. यंत्र बंद असूनही तो किडा कानात बोलत होता. फ्लॅटच्या फरशीवर अनवाणी उभी होते आणि पायाला ओला दगड लागत होता.

१६ फेब्रुवारी

आज सांगितलं.

बाल्कनीत यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. तोंड कानाशी नेलं आणि शब्द न् शब्द सांगितला. खालून जाणारा एक माणूस मान वर करून बघायला लागला, बघू दे. "आमचे बाबा चांगलेत," हे मला दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा यांना ऐकू आलं होतं, तरी "काय?" म्हणाले.

मी म्हटलं, "रजिस्टरमध्ये काय लिहू? मानवी आवाज म्हणून कापतील ते."

"नाव लिही तिचं. आणि कापू नका म्हणावं. एक अक्षर नाय." मग म्हणाले, "आणि कॅसेट नाय द्यायची. त्यांना उतरवून घेऊ दे, ती इथंच राहील."

मी हो म्हटलं. तेजलला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "काकू, ठेवा. कसलंच कापत नाही आम्ही ते."

परत आले तर हे तसेच बसलेले. डोळे कोरडे. माणूस रडेल, मोकळा होईल, असं वाटलं होतं मला. पण हे कुठेतरी हिशेब केल्यासारखे कठड्याकडे बघत होते.

"मग तो बोलला का? दगडाखालचा?"

"बोलला."

"ती गेल्यावर?"

"नाही हो. ती तिथेच होती. श्वास ऐकू येतो तिचा. चौदा मिनिटं बोलला तिच्याशेजारी."

यांनी माझं मनगट धरलं. बिळापासून माइक वीतभर असायचा, म्हणजे पोर होती वीतभरावर.

"सविता, माणूस दहा पावलांवर असला ना, तरी तो पंख हलवत नाय. डोळ्याची पापणी हलली तरी कळतं त्याला. चाळीस वर्षांत एकदा पण तो माझ्याजवळ बोलला नाय." आणि मग यांचा बांध फुटला. "किती गप्प बसली असेल गं ती. किती गप्प बसली असेल."